भंडारा उचलून घेतलेली शपथ रद्द करण्यास नकार

सोलापूर, ता. ९ मार्च १९३४

प्रति,
मेहेरबान नोटरी सनद चौकशी अधिकारी साहेब,
सनद कचेरी, सोलापूर

विषय : अर्जदार आपली शपथ मागे घेणार नाही, सनद मात्र घेणार, याबाबत.
संदर्भ : गेल्या सोमवारचा आपला नामंजुरीचा हुकूम.

महोदय,

अर्जात 'मी मी' करू नये, अशी ताकीद आपल्या हेडक्लार्कांनी दिलेली आहे. सबब खाली जो 'अर्जदार' येतो, तो म्हणजे मायाप्पा धुळाप्पा व्हनमाने, जात धनगर, तालुका मंगळवेढे, मराठी फायनल पास, परवापरवापर्यंत शाळामास्तर. मुख्य प्रकार साहेबांच्या डोळ्यांदेखत घडला. पण हुकुमात त्याचं पार भजं झालेलं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

१. नोटरी म्हणजे कोण? तर अमक्याची सही अमक्यानंच केली, तमक्यानं शपथ आपल्यासमोर घेतली, असं शिक्का मारून जगाला सांगणारा माणूस. ही जागा भरायची असल्याची नोटीस कचेरीच्या दारावर लागली. उमेदवारानं दुसरी नोकरी करता कामा नये, ही त्यातली पहिली अट. अर्जदारानं त्याच दिवशी मास्तरकी सोडली. त्यावर हेडक्लार्क म्हणाले की नोकरी सनद मिळाल्यावर सोडायची असते. हे नोटिशीत कुठं लिहिलंय, ते त्यांनी आजतागायत दाखवलेलं नाही. शाळेत दुसरा मास्तर येऊन बसलाही. म्हणजे सनद मिळाली नाही तर अर्जदाराचं तेलही गेलं आणि तूपही गेलं.

मग अर्जदारानं हौसेनं पितळी शिक्का करून आणला. हेडक्लार्क म्हणाले, सनदेआधी शिक्का म्हणजे लग्नाआधी बारसं. शिक्का जप्त झाला. हल्ली तो हेडक्लार्कांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला दिसतो. असो.

२. पुढची अट, लहानपणापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. अर्जदाराला लहानपणापासून ओळखणारी सगळी वडीलधारी माणसं या दिवसांत मेंढरं घेऊन चारायला गेलेली असतात. सख्खे चुलते कोंडीबा यांना हुडकत अर्जदार माळामाळानं हिंडला. कुर्डुवाडीच्या पलीकडं एका शेतात त्यांची मेंढरं बसलेली सापडली. चुलत्यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगायचं, अर्जदारानं लिहायचं आणि खाली त्यांनी अंगठा उठवायचा, असं ठरलं. चुलत्यांची अट एकच, सांगेन ते समदं लिवायचं.

"पोरगं सरळ हाय. चोरी न्हाय, चहाडी न्हाय. पर दोन कोकरं हरवली त्यानं, ती बी लिव्ह."

तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो, असं अर्जदारानं काकुळतीनं सांगून पाहिलं. चुलते म्हणाले, "मग सरळ हाय ते बी खोड." अर्जदारानं निमूटपणे कोकरं लिहिली.

दाखल्यात गुन्ह्याची कबुली आहे, तरी कोकरांचा तपास लागल्याचा पुरावा जोडा, असा शेरा कचेरीनं मारला. त्यांचा पत्ता एव्हाना लांडग्यालाच ठाऊक असेल, असं अर्जदारानं लेखी दिलं. ते मात्र बिनतक्रार मंजूर झालं.

३. आता शपथ. उमेदवारानं 'आपल्या रीतीप्रमाणं' शपथ घ्यावी, असं नोटिशीत छापलेलं आहे. अर्जदाराची रीत अशी, की घोंगडं अंथरायचं, घरच्या वडील माणसानं ओंजळीत देवाचा भंडारा घालायचा, आणि ती हळद कपाळाला लावून बोलायचं. म्हणून अर्जदारासोबत मातोश्री बनाबाई आल्या होत्या. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या, साहेबांनाही बूट काढायला सांगितलं. साहेबांनी काढले नाहीत, ही गोष्ट त्या अजून विसरलेल्या नाहीत.

भंडारा ओंजळीत पडला. खरं तेच लिहीन, पाहिल्याशिवाय शिक्का मारणार नाही, असं अर्जदार बोलला आणि शेवटी "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाला. बाहेर व्हरांड्यात बसून साहेबांचा पंखा ओढणारा निंगप्पा हा अक्कलकोटकडचा, बिरोबाचाच भक्त. कानावर देवाचं नाव पडताच त्यानंही मोठ्यानं चांगभलं केलं आणि दोरीला असा हिसडा दिला की छताखालचा कापडी पंखा भिंतीपर्यंत जाऊन आला. ओंजळीतला सगळा भंडारा उडाला. टेबल पिवळं, फायली पिवळ्या, साहेबांचा कोट, कपाळ आणि मिशा पिवळ्या.

मातोश्रींनी ताबडतोब साहेबांना हात जोडले. "तुमच्या बी कपाळाला लागला की. आता तुमी साक्षीला. ह्यो खोटं वागला तर देव तुमाला बी इचारंल."

४. यावर हुकूम निघाला की सरकारी कागद खराब झाले, शपथ रीतसर झाली नाही. तरी 'सदर शपथ मी घेतलीच नाही' असं अर्जदारानं लिहून द्यावं आणि साध्या शब्दांत दुसरी घ्यावी, म्हणजे सनदेचा विचार होईल. हेडक्लार्कांनी बाजूला घेऊन समजावलंही. "मास्तर, एका ओळीचं काम. देव काय कचेरीत येऊन वाचतोय?"

अर्जदार खोटं कशाला बोलेल? त्याचंही मन डळमळलं. घरी चूल शाळेच्या पगारावर पेटत होती. त्यानं दौत पुढं ओढली. मातोश्री जोंधळा पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिव्ह की. पर मग ते घोंगडं पुन्यांदा अंथरू नगंस."

अर्जदारानं दौतीला बूच मारलं.

जो माणूस स्वतःची शपथ एका ओळीत पुसतो, त्यानं दुसऱ्याच्या शपथेवर कोणत्या तोंडानं शिक्का मारायचा? ती ओळ लिहिली तर अर्जदार नोटरी व्हायला नालायक ठरतो. न लिहिली तर आपण त्याला नालायक ठरवता. यापैकी दुसरी नालायकी अर्जदारानं पत्करली आहे.

५. तरी आपण त्याच शपथेवर सनद द्यावी. द्यायची नसेल, तर 'अशी शपथ झालीच नाही' हे साहेबांनी स्वतः प्रतिज्ञेवर लिहून द्यावं. साक्षीदार आपणच आहात. मात्र असं प्रतिज्ञापत्र नोटरीपुढंच करावं लागतं, आणि नोटरीची जागा रिकामी आहे. ती आपण आधी भरावी. अर्जदार साहेबांची शपथ फुकट नोंदवून देईल. फक्त त्या वेळी बूट काढावे लागतील.

आपला नम्र, पण जागचा न हलणारा,
मायाप्पा धुळाप्पा व्हनमाने

सोबत :
१. चुलत्यांचा दाखला, कोकरांसकट.
२. भंडाऱ्याची पुडी एक, साहेबांच्या उपयोगासाठी. पोच मिळावी.