आम्ही नॉनप्लस्ड आहोत

३ मार्च
आमच्या इन्यॉंगचं लग्न ठरतंय. मुलगा गॅरेथ, इंग्रज. वीस तारखेला त्याची आई आम्हाला भेटायला लंडनहून इथे कोरियात, चिंजूला येतेय. पोरीनं बजावलंय, "बाबा, त्यांना मेल मी लिहीन. तुम्ही हात लावू नका." बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, ते काय गवत उपटत होतो? मीच लिहिणार.

४ मार्च
भारदस्त शब्द सापडला. नॉनप्लस्ड. प्लस म्हणजे भर. नॉनप्लस्ड म्हणजे डोक्यात नसती भर नाही, एकदम शांत. डिक्शनरी बघितली नाही, गरजच काय? मेल धाडली: "तुमच्या मुलाबद्दल ऐकून आम्ही नॉनप्लस्ड झालो. बायको जास्तच."

७ मार्च
उत्तर नाही. बाई भारावली असणार.

९ मार्च, सकाळी ७
सोलहून इन्यॉंगचा फोन. रडत होती. नॉनप्लस्ड म्हणजे म्हणे हतबुद्ध, काय करावं ते सुचेनासं झालेला. गॅरेथ आम्हाला पसंत नाही असं समजून बाईनं तिकीट रद्द केलं. "शाबास बाबा, मोडलंत माझं लग्न!"

दुपारी
डिक्शनरी काढली. पहिला अर्थ पोरीचा. पण खाली बारीक अक्षरात: अमेरिकेत काही लोक 'शांत' या अर्थानंही वापरतात. जिंकलो! हिला दाखवलं. ही म्हणते, "अहो, पण बाई लंडनची ना?" या घरात विद्येला किंमत नाही.

११ मार्च
खुलासा धाडला: "माझा नॉनप्लस्ड अमेरिकन समजावा. मी कन्फ्युजिंग नाही. तुम्ही कन्फ्युजिंग आहात." आता मिटेल.

१४ मार्च
मिटलं नाही. चिघळलं. इन्यॉंग फोन उचलत नाही. घास उतरत नाही. एकुलती एक पोर, आणि मी काय करून बसलो हे!

१७ मार्च
हिनं परस्पर बाईला व्हिडिओ कॉल लावला. हिला एबीसीडी येत नाही. इन्यॉंगचे लहानपणीचे फोटो दाखवून रडली. बाईनं गॅरेथचे दाखवले, तीही रडली. वीसलाच येतेय म्हणे. व्याकरण शून्य!

२० मार्च
हॉटेलात भेट. बाईनं हिला मिठी मारली. मग माझ्याकडे वळून हळुवारपणे काहीतरी विचारलं. खरं सांगतो, एक अक्षर कळलं नाही. पण बत्तीस वर्षांची नोकरी! छाती काढून म्हणालो, "येस. येस. व्हेरी मच."
इन्यॉंग माझ्या कानाशी आली.
"बाबा, त्या विचारतायत, तुम्ही अजून रागावलाय का?"