सैलोसीला द्यायचे घर आणि त्यावरची अट

मी, निवृत्त सार्जंट अपेनिसा रावुलो, वय शहात्तर, राहणार नौसोरी, फिजी, असे लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. काळजी मात्र आहे, आणि या कागदाचे कारण तीच. मतमोजणी पाच दिवस चालली आहे, दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणतात, आणि माझा नातू सैलोसी सैन्यात लेफ्टनंट आहे.

१. जमीन कुळाची आहे, ती देणारा मी कोण? तिच्यावरचे तीन खोल्यांचे घर माझे, होडी माझी, आणि सुतारकामाची पेटी माझी.

२. पेटी चर्चला. होडी चुलतभाऊ विलिकेसाला कदापि देऊ नये. प्रत्येक लष्करी बंडानंतर तो माझ्या ओट्यावर बसून, माझीच यंगोना, म्हणजे मुळांचे गुंगी आणणारे पेय, पीत, "देशाला शिस्त हवी रे" म्हणतो. स्वतः जन्मात एकदा प्रार्थनेला वेळेवर आलेला नाही. होडी सैलोसीच्या आईला.

३. देवमाशाचा दात सिडनीला सरोजनीकडे पाठवावा. ती माझा शेजारी बिसुन दयाल याची मुलगी. बिसुन संसदेत कारकून होता. पहिल्या बंडाच्या सकाळी आम्ही तोंडे झाकून आत शिरलो आणि मी त्याच्या पाठीला बंदूक लावून त्याला ट्रककडे नेले. तो हळूच म्हणाला, "अपेनिसा, तोंड झाकलंस, पण खोकला तुझाच आहे." आम्हाला सांगितले होते की देश वाचवायचा आहे. त्यानंतर दर काही वर्षांनी कुणी ना कुणी देश वाचवतच आले.

तेरा वर्षांनी लाज अनावर झाली, तेव्हा हा दात घेऊन मी त्याच्या दारात मांडी घातली. आमच्यात ज्याचा अपराध केला त्याने दात हातात घेतला की माफी झाली. बिसुनने हात मागे घेतले. मी उठून घरी आलो, पुन्हा त्या दारात गेलो नाही, आणि वर्षभरात ते लोक देश सोडून गेले. गेल्या वर्षी तो वारल्यावर सरोजनीने फोनवर सांगितले, "चाचा, तेव्हा नवरात्र होतं. दात म्हणजे हाडच, बाबा त्याला शिवले नसते. दुसऱ्या दिवशी तुम्ही याल म्हणून चहा ठेवून बसले होते." मला रडू आले. आजही येते.

४. घर सैलोसीला, एका अटीवर: तो हत्यार घेऊन कधीही संसदेत शिरणार नाही. शिरल्यास घर चर्चचे. अट मान्य असल्याची सही करायला तो आज दुपारी येणार आहे.

५. तो आला नाही. फोन आला.

"आजोबा, सुट्ट्या रद्द झाल्यात. ट्रक रांगेत लावलेत."

"हुकूम काय आहे?"

"अजून काही नाही. आमचे मेजर म्हणतात, देश वाचवायची वेळ आली."

"सैलोसी, घराचा विचार कर."

"घराचं सोडा हो. तुम्ही त्या दिवशी कशानं थांबला असता?"

मी खरे सांगितले. कागदाने थांबलो नसतो, घर गेले असते तरी थांबलो नसतो. माझा बाप फाटकात आडवा बसला असता, तर त्याला ओलांडून गेलो नसतो.

त्याने फोन ठेवला. म्हणून कलम चारमधली अट मी माझ्या हाताने खोडत आहे. घर सैलोसीचेच, त्याने काहीही केले तरी. साक्षीला आलेले पाद्री मोसेसे म्हणाले, "अट काढलीत, आता त्याला अडवणार कोण?" मी म्हणालो, "गाडी काढा."

हे वाचून, समजून, चटईवर बसून सही केली.

अपेनिसा रावुलो

साक्षीदार:
१. मोसेसे नागालु, पाद्री. यांनीच गाडी चालवली.
२. शिपाई तेविता वाकालोमा, पहाऱ्यावरचा. मला तीनदा ऊठ म्हणाला, मग सही करायला खाली बसला.

स्थळ: सुवा, बराकीचे फाटक, रस्त्याच्या मधोमध.
दिनांक: मतमोजणीचा पाचवा दिवस, सोमवार, दुपारचे चार. आतून ट्रक सुरू झाल्याचा आवाज येत आहे.