मे महिन्यात मी कुठे जाणार नाही

सॉल्ट लेक, कोलकाता
२३ एप्रिल

ती. मीनाआत्यास,
वृषालीचा वाकून नमस्कार (वाकलं की पाठीवरचा घाम मानेकडे येतो, तरीही). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे ओले आहोत. इथे आंघोळ करून अंग पुसेपर्यंत ते पुन्हा पुसायची वेळ येते. फोनवर लिहिलेलं मागाहून काढून टाकता येतं, म्हणून मुद्दाम कागदावर लिहिते आहे.

शर्वरी याही मे महिन्यात तुझ्याकडे रत्नागिरीला येणार, असं तू घरच्या ग्रुपवर कळवलंस. वाचून आनंद झाला. मी त्यावर लाल बदाम टाकला, मग तो खरा नाही असं वाटून काढला, मग काढलेला तुला दिसला असेल म्हणून अंगठा टाकला. (अंगठा खरा आहे. निरोप पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ.) शर्वरी माझी चुलत बहीण, तिचं वाईट मी कशाला चिंतेन? पण ती पडली पुण्याची. सलग तिसऱ्या वर्षी (मी मोजत नाही) तिने कोकणातला तो दमट उन्हाळा का सोसावा? तिला घामोळं येतं. मला सवय आहे. तू आमच्याकडे राहायचीस तेव्हा, मला शाळेत घालायच्या आधी, तूच मला मराठी लिहायला शिकवलंस, तेही पंखा बंद करून, कारण कागद उडायचे. पण माझा विषयच नाही.

माझा विषय एवढाच की मीही रजा टाकली. इथे माणसाने रजा टाकली की सगळं ऑफिस आधी विचारतं, डोंगर की समुद्र? मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. झालं, सगळ्यांनी माझं ठरवायला घेतलं. कोणावर अन्याय नको म्हणून मी तक्ता केला. त्यात तापमान, दमटपणा, प्रवासाचे तास असे रकाने आखले. दार्जिलिंग पहिलं आलं, पुरी शेवटून दुसरी. सगळ्यात शेवटी रत्नागिरी. ते नाव कोणी सुचवलं नव्हतं, आपोआप आलं. (आपोआप नाही. मीच लिहिलं.)

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या झरनादींनी बागबाजारातल्या त्यांच्या गल्लीच्या कालिम्पाँग सहलीत माझं नाव घातलं. या सहलीबरोबर स्वतःचा आचारी, शेगडी आणि मोहरीचं तेलसुद्धा जातं. सहलीच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की मी मासे खात नाही, या गल्लीतली नाही आणि मराठी आहे. (मराठ्यांची स्वारी येईल म्हणून जुन्या काळी तिथूनच खंदक खणला होता. ते अजून विसरलेले नाहीत.) एक आजोबा म्हणाले, "एवढा खंदक खणला, तरी आलेच. पोरीला खिडकी द्या, नाहीतर लुटून घेईल." आणि आचाऱ्याच्या यादीत माझ्यासाठी वेगळं वरण लिहून घेतलं.

अशा माणसांना फसवणं मला जमेना. त्या खिडकीत बसून मी डोंगर बघणार नव्हते, शर्वरी आत्ता काय करत असेल याचा हिशोब करणार होते. दुसऱ्या दिवशी झरनादींना सांगून टाकलं की मला थंड हवेचं ठिकाण नकोच आहे, माझी बहीण जिथे जाते आहे तिथे जायचं आहे. त्यांनी शांतपणे माझं नाव खोडलं आणि म्हणाल्या, "मग हे मला काय सांगतेस? आत्याला लिही."

म्हणून लिहिलं. मागणं काही नाही. गुडघ्याला जप.

तुझी,
वृषाली

ता. क. माझी रजा बारा ते बावीस मे आहे. नुसतं कळवून ठेवते.

ता. क. २. तुझ्याकडे पलंग दोनच आहेत हे माहीत आहे. मला खाली झोप चांगली लागते. शर्वरीच्या पाठीमागे काही नको, म्हणून तिलाही विचारलं आहे.

ता. क. ३. तिचं उत्तर आत्ताच आलं. म्हणते, "ये, पण आत्यासमोर पेन हातात धरू नकोस. दर वर्षी मी वाण्याची यादी लिहिली की ती म्हणते, वृषाली पाच वर्षांची होती तेव्हा याहून बरं लिहायची." आत्या, हे मी सहा वेळा वाचलं. तू खरंच असं म्हणतेस का, तेवढं कळव. मग बोलावलं नाहीस तरी चालेल. (शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण शर्वरीला दाखवशील तेव्हा खाडाखोड दिसायला नको.)