बाई परत जाणार का?

तीर्थरूप बाबांना,
लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. तुमचा खोकला कसा आहे?

इथल्या शाळेला एका परदेशी संस्थेने प्रयोगशाळा दिली आणि शिकवायला मलाही त्यांनीच पाठवलं. काल त्यांचे साहेब सांगून गेले, मदत बंद. सूक्ष्मदर्शक इथेच राहतील, बाई मात्र परत.

आज एका मुलीने विचारलं, "बाई, मग आम्हाला शिकवणार कोण?" मी तिलाच पुढे बोलावून कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांना दाखवायला लावली. तिने इतकं झकास शिकवलं, की ऊर भरून आला आणि आता माझी गरजच उरली नाही, असंही वाटलं.

बाबा, थांबू की येऊ? आईला इतक्यात सांगू नका.

तुमचीच,
गोंधळलेली लेक