नऊ नंबरच्या गाडीचा चौथा डबा

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे! क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून हात लांब केला तर मेट्रोच्या पुलाला लागेल असं वाटतं. दर चार मिनिटांनी गाडी जाते आणि ताटं किणकिणतात. मला वाटलं आप्पा कुरकुर करतील, पण ते खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि प्रत्येक गाडीला हात करत होते. चाळीस वर्षं शिवणयंत्रापुढे मान खाली घालून काढलेला माझा बाप, आता मान वर करून गाड्या बघतोय. बघू दे.

डेपोत हजर झाले. हुद्दा – डबे-सफाई पर्यवेक्षक. डेपोही खांबांवरच आहे, खाली रस्ता, वर अठरा गाड्या. सकाळची गर्दी ओसरली की निम्म्या गाड्या परत येतात, त्या चारच्या आत धुऊन पुसून द्यायच्या. इस्पितळात चौदा वर्षं सफाई सांभाळली, त्यामुळे किळस या प्रकाराशी माझी जुनी ओळख आहे. ती मला वचकून असते.

बायकांच्या टोळीत सगळ्यांत जुनी आहे ती मावशी. सगळे तिला मावशीच म्हणतात. तिने स्वागताला फूल दिलं नाही, हातमोजे दिले. दोन जोड. एकावर एक घालायचे म्हणाली.

बुधवार, ५

काम मनासारखं आहे. गाडी धुण्याच्या कमानीतून जाते तेव्हा दोन्ही बाजूंचे ब्रश तिला घासतात, ते बघायला मजा येते. आतलं काम मात्र हाताचं. सीटखालचं च्युइंगगम स्क्रेपरने खरवडायचं, दारांच्या खाचेतले केस चिमट्याने ओढायचे. केसांच्या इतक्या लांब दोऱ्या निघतात की आप्पांना सांगितलं, रीळ भरून आणते.

एकच तक्रार. नऊ नंबरच्या गाडीच्या चौथ्या डब्यात वास येतो. घामाचा नाही, मेलेल्या उंदराचाही नाही. घरी येईपर्यंत आठवत नव्हतं, जेवताना आठवलं. मोडलेल्या पायाचं प्लास्टर दीड महिन्याने कापतात, तेव्हा आतून जो कोंडलेल्या कातडीचा वास येतो, तो. घास तसाच ठेवला.

शनिवार, ८

आज चौथा डबा मी स्वतः घेतला. वर लोंबणारी हँडलं पिवळट दिसत होती. कापडाने निघेना, म्हणून मोजे काढून अंगठ्याने घासलं. हाताला लागल्याशिवाय घाण कळत नाही, हा माझा जुना हट्ट. अंघोळीला मनगट चोळल्यावर मळाच्या वळ्या निघतात ना, तशा निघाल्या. राखाडी, मऊ. एका हँडलच्या मूठभर निघाल्या. खाली पुन्हा तेच पिवळं. मी घासत राहिले आणि ते येत राहिलं.

मावशी माझ्या उघड्या हातांकडे बघून खेकसली. म्हणाली, या डब्यात काही धरायचं नाही, लांब दांड्याने पुसायचं आणि खाली उतरायचं. आधीची पर्यवेक्षकही अशीच कामसू होती म्हणे. तिचं काय झालं विचारलं, तर बादली उचलून चालती झाली.

मंगळवार, ११

आप्पांना कुटुंबाचा पास मिळाला. रोज दहाला निघतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून जेवायला घरी. त्यांनीही एक गाडी हेरली आहे, तिच्या एका डब्यात नेहमी जागा असते. नंबर विचारला. नऊ. डबा चौथा.

बसायला जागा असूनही ते उभे राहतात. हँडल हाताला छान लागतं म्हणे, ऊबदार. मग शिंप्याच्या बोटांनी माझ्या बाहीचं कापड चाचपत म्हणाले, “रबर नाही गं ते. कातडं आहे. आणि कमावलेलंही नाही, ताजं.”

मी हसले. हात मात्र तीनदा धुतले.

शुक्रवार, १४

वातानुकूलनाची जाळी उघडून घेतली. तंत्रज्ञ शिडीवर होता, मी खाली पिशवी धरून. झाकण निघालं आणि ते आख्खं खाली आलं. केस, नखांचे तुकडे, खपल्या, सगळं एकात एक मुरून उशीएवढा गोळा झालेला. पिशवीत पडला तेव्हा कोमट होता. वरून हात फिरवला तर त्याला मागची बाजू आणि पुढची बाजू आहे असं वाटलं. तंत्रज्ञ शिडीवरूनच ओकला. माझ्या खांद्यावर.

डेपोचे साहेब (डेपोत त्यांचं नाव ‘वेळापत्रक’) यांना लेखी दिलं, डबा काढून घ्या. त्यांनी शांतपणे समजावलं. रोज लाखो माणसं येतात-जातात, माणूस म्हटलं की गळणारच. अठरातली एक गाडी कायम दुरुस्तीला, सतरा धावायलाच लागतात. नऊ नंबर काढली तर चार मिनिटांची सहा मिनिटं होतील. बोलताना त्यांनी हात खिशातून काढले नाहीत.

सोमवार, १७

हजेरीच्या यंत्राने अंगठा घेतला नाही. पुसून लावला, फुंकून लावला. रेघाच नाहीत. उजेडात धरला – सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. चारही बोटं तशीच. दुखत नाही, काही नाही.

दुपारी दीडला नऊ नंबर आली. बॅटरी घेऊन चौथ्या डब्यात चढले. आठ तारखेला अंगठ्याने घासलेल्या हँडलवर उजेड टाकला. त्याच्यावर रेघा होत्या. बारीक, गोल गोल, बोटांवर असतात तशा. एका ठिकाणी रेघांवर तिरपा छेद. लहानपणी डब्याच्या पत्र्याने माझा अंगठा कापला होता.

तो छेद माझा आहे.

मंगळवार, १८

आप्पांना सुईत दोरा ओवता येत नाही. दृष्टी गेली म्हणून रडवेले झाले. मी तळवे बघितले. काचेसारखे. कप हातातून निसटतो, सदऱ्याचं बटण निसटतं. जगभराचे कपडे शिवलेली बोटं ती.

पास काढून घेतला. कपाटात कुलपात ठेवला. त्यांच्याकडून वचन घेतलं. त्यांनी मान हलवली, पण बघत खिडकीकडेच होते.

बुधवार, १९

हँडल कापलं. सुरीने. फोडातून येतं तसं पाणी आलं, पातळ, पिवळसर. माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. आत लाल नव्हतं, पांढरं होतं आणि हलत होतं – किडे नव्हते, मांसच, आक्रसत होतं. चौदा वर्षांत ओकले नव्हते. आज ओकले.

तुकडा कागदात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला, शिपायाला बोलावून टेबल पुसायला सांगितलं. मग पहिल्यांदा खिशातून हात काढून माझ्यापुढे धरले. कोरे. नखंसुद्धा नाहीत, नखांच्या जागी नुसती कातडी.

“सवय होते,” म्हणाले. प्रेमाने.

गुरुवार, २०. दुपारी तीन

आप्पा घरी नाहीत. पास कपाटातच आहे, तिकीट काढून गेले असणार. जेवायलाही आले नाहीत.

नियंत्रण कक्षातल्या बाईंना गळ घातली, कॅमेरा दाखवा. नऊ नंबर, चौथा डबा. आप्पा उभे. हात वर. चित्र सकाळी दहापर्यंत मागे नेलं. शेवटच्या स्थानकावर सगळे उतरतात, आप्पा उतरत नाहीत. गाडी परत फिरते. पुन्हा शेवट, पुन्हा उभे. एकदा सुटायची धडपड केली, मग दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

गाडी डेपोत बोलवा म्हटलं. आज नऊ नंबर थांबणार नाही, एक गाडी बंद पडली आहे, संध्याकाळची गर्दी निघाल्यावर बघू – असं साहेबांचं उत्तर आलं.

मी जाते आहे. वही ॲप्रनच्या खिशात. स्क्रेपर घेतला.

पाच वीस. गाडीत

डाव्या हाताने लिहिते आहे.

आप्पांचा हात मनगटापर्यंत गेलाय. हँडल म्हणून काही उरलंच नाही, वरून एक मांसल पिशवी उतरलीय आणि त्यांचा हात तिच्यात. दुखत नाही म्हणतात. मला बघून ओशाळले. म्हणाले, “तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. आज सोडेना गं.”

स्क्रेपर लावला. पहिल्या घावाला आप्पा ओरडले नाहीत. डबा शहारला. जमिनीपासून छतापर्यंत. आणि हँडलं धरून उभी असलेली सगळी माणसं एकदम कळवळली, जशी काही त्यांनाच लागलं. मग पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये.

मी ओरडून सांगितलं, काही धरू नका. कुणी धरू नका. एका बाईने सौजन्याने मान हलवली आणि दांडा धरला.

मनगट मोकळं होत आलं होतं. तेवढ्यात ब्रेक लागला. तोल गेला. उजवा हात – खांबावर.

पाच बत्तीस

दुखत नाही, हे खरं. ऊब. ओली. कुणीतरी एकेक बोट तोंडात धरून बघतंय, असं. दात नाहीत. खूप सावकाश.

आप्पांनी मोकळ्या हाताने माझे केस सारखे केले. गुळगुळीत तळवा. शाळेत जाताना करायचे तसे.

पाच चाळीस

गर्दी वाढली. ढकलतायत. फलाटावर मावशी दिसली – काचेवर हात आपटत होती, दारं मिटली, गेली मागे –

सीटचं कापडही आता – कापड नाही ते. केस आहेत त्यावर. उभे राहिलेत.

मधोमध उभं राहायचं. काही टेकवायचं नाही. आप्पांना सांगितलं, पाठ टेकवू नका, काही झालं तरी. पाय घट्ट –

मोठं वळण येतंय. सगळे एका बाजूला झुकायला लागले. आप्पा माझ्यावर – भिंत श्वास घेतेय, मला पाठीमागून तिची गरमी – अजून चार बोटं अंतर – तीन – आप्पा, सरकू नका, आप्पा, माझी पाठ