पंच क्रमांक दोन

आण्णा, सोमवारी माझा प्रबंध विद्यापीठात जमा होतोय आणि त्याच्या चौथ्या प्रकरणात तुम्ही आहात. तुमचं नाव नाही. आमच्या संशोधनात माणसांची नावं लिहीत नाहीत, म्हणून तिथं तुम्ही 'पंच क्रमांक दोन' आहात. आठ पानं आहेत तुमच्यावर. ती वाचून माझे सर म्हणाले, "मॅडम, ही केस म्हणजे सोनं आहे. सगळा प्रबंध हिच्यावर उभा राहतोय." पंच क्रमांक दोन हे माझे वडील, हे मी सरांना सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आई दोन वर्षांनी तुमच्यामागं गेली, आणि हे ज्यांना सांगावं अशी दोनच माणसं होती ती दोघंही फोटोत जाऊन बसली. मग काय करणार, बसले लिहायला.

मी काय शिकते हे तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही होतात तेव्हा मी बी.एड. करून मास्तरीण होणार होते. आता मी राजकीय हिंसा शिकते. म्हणजे गावाकडच्या निवडणुकांतल्या धमक्या, मारामाऱ्या, खून आणि पुढं त्या केसेस कशा विरून जातात ते. चुलतीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काहून गं बाई? लग्नाचं वय गेलं ते गेलं, जगात दुसरा इषय बी घावला न्हाई का तुला?" इकडं विद्यापीठात बीडची म्हटलं की लोक वळून बघतात. कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "मग तुम्हाला फील्डवर्कला लांब जायची गरजच काय, घरीच सगळं असेल." सगळे हसले. मीही हसले. हल्ली आपल्या जिल्ह्याच्या बातम्या रोजच असतात टीव्हीवर, त्या लागल्या की मी ताट घेऊन मेसच्या मागच्या बाकावर जाते. आणि खोलीवर आले की पुन्हा तेच, कारण मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायची असतात. रविवार तर असा जातो की मी एकाही जिवंत माणसाशी बोललेली नसते, पण दिवसभर कानात आपल्याकडची माणसं बोलत असतात. "आमी गेलतो", "लई मारलं त्येला", "न्हाई बगितलं". एवढं आपलं बोलणं कानावर पडतं, पण सगळं खुनाबद्दल. तू जेवलीस का, असं त्यातलं कुणी विचारत नाही.

तुमचा दवाखाना मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. ढोरांचा दवाखाना, दोन खोल्यांचा, अंगणात लोखंडी खोडा, त्यात जनावर उभं करून दोन्हीकडून दांडे लावायचे. डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा येणार, बाकीचे दिवस तुम्हीच डॉक्टर. मी सातवीत असेन, उन्हाळ्याची सुट्टी, आणि तुम्ही मला रजिस्टर लिहायला बसवलंय. समोर एक तांबडी गाय उभी आहे. मी मोठ्या झोकात लिहिते, 'गाय रडत आहे.' तुम्ही वाचता आणि भडकता. "रडती कशावरनं? तुला यिऊन सांगितलं का तिनं? डोळ्यातनं पाणी येतंय, येवढंच लिही. दिसतंय त्येवढं लिहायचं, पदरचं घालायचं न्हाई." लोकांपुढं बोलल्यामुळं माझे डोळे भरून येतात. तर तुम्ही माझ्याकडं बघून त्या गायवाल्याला म्हणता, "आता ही रडतीया, हे मातर लिहिता यील." तो माणूस खो खो हसतो आणि मलाही हसू फुटतं. विद्यापीठात संशोधनाची पद्धत शिकवायला आम्हाला एक अख्खं सत्र लावलं. मला ती आधीच येत होती.

तुमचं अक्षर चांगलं आणि नोकरी सरकारी, म्हणून पोलीस तुम्हालाच शोधत यायचे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. त्यांच्यासमोर वस्तू जप्त करायची, जे दिसलं ते लिहायचं, त्यांनी खाली सही करायची आणि पुढं कोर्टात उभं राहून सांगायचं की होय, माझ्यासमोर झालं. पोलिसांची जीप दिसली की गावातले लोक मागच्या दारानं रानात पळायचे, कारण एक सही म्हणजे पाच-सात वर्षं कोर्टाचे हेलपाटे. तुम्ही मात्र साबणानं कोपरापर्यंत हात धुवून, टोपी घालून निघायचात. आई म्हणायची, "गावात काय दुस्काळ पडलाय का माणसांचा? सारखं तुमीच!" तुम्ही म्हणायचात, "लिहिता येतंय त्यानं नको म्हणू न्हाई." मला तुमचा लई अभिमान वाटायचा, आण्णा.

मी अकरावीला होते तेव्हा पलीकडच्या गावात तो खून झाला. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस पंचायतीला उभा राहिला होता. त्या घरातून त्याआधी कुणी फॉर्मच भरला नव्हता. मतदानाला चार दिवस राहिले असताना त्याला वस्तीच्या वाटेवर गाठून मारलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या पुढाऱ्याच्या गोठ्यातून, कडब्याखालून कोयता निघाला. तेव्हा पंच म्हणून तुम्ही होतात आणि दुसरा एक माणूस. तो पुढं ऊसतोडीला गेला आणि समन्स घ्यायला कधी सापडलाच नाही. म्हणजे सगळी केस तुमच्या एका तोंडावर आली. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. खून झाला एवढं माहीत होतं, तुम्ही त्यात पंच आहात हे घरात कधी बोलणं झालं नाही. ते मला मागच्या वर्षी कळलं, अंबाजोगाईला त्या केसच्या नकला काढल्या तेव्हा.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभी राहून मी ती फाईल चाळत होते. पंचनाम्याचं पान उलटलं आणि अक्षर बघितलं. तुमचा तो लांब शेपटीचा 'र'. हवालदाराचं अक्षर वाचता येईना म्हणून तो मजकूर तुम्हीच लिहून काढला असणार. 'कडब्याच्या पेंढ्या काढल्यावर तळाशी कोयता. मूठ लाकडी, एक खिळा निघालेला. पात्यावर तांबूस डाग. रक्त आहे किंवा कसे हे सांगता येत नाही.' दुकानदार म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक हाय." मी बाजूला झाले आणि पुढचं वाचलं. ती कोर्टातली तुमची साक्ष. 'मी कोयता पाहिला नाही. पोलिसांनी सांगितले तसे लिहिले. माझ्यासमोर काही जप्त झाले नाही.' त्याखाली, साक्षीदार फितूर झाल्याचं सरकारी वकिलानं जाहीर केल्याची नोंद. पुढं निकाल. सगळे सुटले. मी बस स्टँडवर जाऊन बसले आणि दोन गाड्या सोडल्या.

साक्षीदार फितूर का होतो, यावर मी आठ पानं लिहिली आहेत. 'स्थानिक सत्तासंबंधांचा दबाव' असं लिहिलंय. सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली. पण मला तो पांढरा बैल आठवतो. बारावीची दिवाळीची सुट्टी संपत आलेली, मी तुमचा डबा घेऊन दवाखान्यात आले. खोड्यात एक पांढराशुभ्र, तेल लावल्यासारखा बैल उभा होता. अंगावर ओरखडासुद्धा नाही, निवांत रवंथ करतोय. पलीकडच्या गावची तीन बडी माणसं बाजूला उभी. मी आपली तुम्हाला विचारलं, "ह्याला काय झालंय?" त्या तिघांतला एकजण माझ्याकडं बघून गोड आवाजात म्हणाला, "कितवीला गं बाई तू? अंबाजोगाईला जातीस न्हवं? वडगावच्या फाट्यावरनं सातची गाडी धरतीस का साडेसातची?" मी हरखले. इतका मोठा माणूस आपली चौकशी करतो! मी म्हणाले, "सातची. शनिवारी साडेसातची." वाटेत कुठं कुठं थांबते तेसुद्धा सांगितलं. तेव्हा तुम्ही ओरडलात. "घरी जा! कुणी बोलावलं तुला हितं?" असं माझ्यावर तुम्ही कधी ओरडला नव्हतात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आणि सुट्टी संपल्यावर तुम्ही रोज सकाळी सायकल घेऊन माझ्यामागं फाट्यापर्यंत यायला लागलात, गाडी हलेपर्यंत उभे राहायचात. मैत्रिणी चिडवायच्या. मी तुम्हाला म्हणाले होते, "आण्णा, येऊ नका ना, लाज वाटते." तरी तुम्ही येत राहिलात.

कोर्टातून आलात तो दिवसही आठवतो, फक्त तो कोर्टाचा दिवस होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही भिंतीला टेकून बसलात. तिनं मान न वळवता विचारलं, "झालं का?" तुम्ही म्हणालात, "झालं." एरवी तीन भाकरी खाणारा माणूस एकीवर उठला. त्यानंतर पोलीस आले की तुम्ही सांगायचात, हात थरथरतो, लिहिता येत नाही. हात कुठं थरथरत होता तुमचा! पण त्याच्यानंतरची रजिस्टरं मी बघितली आहेत. 'जनावर आजारी. औषध दिले.' पानंच्या पानं तेवढंच.

मला तुमचा राग येतो, आण्णा. येतो म्हणजे येतोच. एका बाईचा नवरा भर दिवसा मारला गेला आणि ज्यानं कोयता डोळ्यानं पाहिला त्यानं पाहिला नाही म्हणून सांगितलं. आणि मग राग पुरता करायला जावं तर मध्ये मीच उभी असते, सातची गाडी सांगणारी. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं. मी बावीसची झाले, तुम्ही आजारी पडून अंथरुणाला खिळलात, आपण दोघं दुपारभर नुसते बसून असायचो, तेव्हा तरी. पण सांगितलं असतं तर मी शिक्षण सोडलं असतं, असं तुम्हाला वाटलं असेल. असेल म्हणते, कारण आता कुणाला विचारू?

हे कागद मी कुठं देणार नाही. प्रबंध जाईल, हे पेटीत राहतील. पण एक गोष्ट प्रबंधातही नाही आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला सुटका नाही.

मी त्या बाईला भेटले. त्यांच्या वस्तीवर, मेंढरं जाळीत कोंडलेली, तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला. सत्तरीला आली असेल. सगळं सांगितलं तिनं, रडली नाही. कोर्टाचंही सांगितलं. "त्यो दवाखान्यातला माणूस उबा ऱ्हायला तवा मला धीर आलता. आमच्या शेळीचं पिल्लू आडकलंतं, रातभर बसून त्यानंच सोडवलतं. म्हनलं, ह्यो खोटं बोलायचा न्हाई. त्यानं माज्याकडं बगितलंच न्हाई, बाई." मी लिहीत होते. मग ती थांबली आणि म्हणाली, "तू इतक्या लोकास्नी भेटतीस. त्यो मानूस कुटं घावला का गं तुला? भांडायचं न्हाई मला. येवढंच इचारायचं हाय, त्याला कुनी भ्या घातलं व्हतं, का पैका खाल्ला त्यानं? भ्या घातलं आसंल तर मी समजून घीन. लेकराबाळाचा मानूस भितोच की. पन येवढी वरसं झाली, मला कळंनाच."

आण्णा, तिच्या प्रश्नाचं उत्तर या जगात फक्त माझ्याजवळ होतं. तिथं ती, मी आणि मेंढरं, चौथं कुणी नव्हतं. मला कुणी धमकावलं नव्हतं, माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मी म्हणाले, "नाही मावशी, कुठं भेटला नाही." ती म्हणाली, "आसू दे." मग मी तिचा प्रश्न वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला आणि तिला पुढचं विचारलं, आता मेंढ्या किती आहेत.