दुसरा अंगठा

२४ एप्रिल ८९. जळगाव
दिवसभरात एक गिऱ्हाईक. आलं, कूलरसमोर उभं राहिलं, गार झालं, गेलं. गॅलरी म्हणे! नाव वि.नं दिलं, बसते मी. नवरा वि. एरंडोलला भांड्यांच्या भट्टीवर, बायको इथं टेबलामागं, आणि पाटीवर मात्र दोघांची नावं शेजारी शेजारी.

संध्याकाळी एस.टी.नं खोका आला. उद्या उघडीन. अंगात त्राण नाही.

२५ एप्रिल
निळी झिलई काय सुंदर उतरलीय! खूश होऊन एक लोटा उलटा केला. बुडाशी दोन अंगठे.

धुळ्याच्या पहिल्या पत्र्याच्या शेडपासूनची आमची रीत ही. भांडं ओलं असताना बुडाशी त्याचा अंगठा, शेजारी माझा. लोक भांडं उलटं करून तेच बघतात. पण मी तर दिवाळीपासून चाकाला हात लावलेला नाही. मग हा दुसरा कुणाचा?

सगळी भांडी पालथी घातली. दुसराही त्याचाच. डाव्या हाताचा. विळीनं कापल्याची तिरकी खूण, तेव्हा हळद मीच दाबली होती. मेल्या, माझा अंगठासुद्धा तूच उठवतोस?

३ मे
आठवडा धुमसण्यात गेला. शेवटी भट्टीजवळच्या मेडिकलात फोन करून वि.ला बोलावून घेतलं.
"अगं, लोक दोन अंगठे मागतात. तू इथं नाहीस."
"मला तिथून उठवलं कुणी?"
"दुकान कोण बघणार मग?"
ठेवून दिला. रडले. कूलरचा आवाज होता म्हणून बरं.

६ मे
आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर आली. बायका पुरणाचे मांडे भाजायला खापर मागायला येतात, फुलदाण्या बघून हसत परत जातात. वरच्या मजल्यावरच्या अक्का पिशवी घेऊन माहेरी निघाल्या. "मना भाऊ उना वं लेवाले. तुले कोन येस?"
कुणी नाही. भाऊ नाही, आई होती ती गेली.
"मंग नवराकडेच जाय ना वं! ते बी घरच शे."
अक्का गेल्या. जिना इतका शांत कधी नसतो.

८ मे, आखाजी. एरंडोल
कुलूप लावून सरळ आले. वि. शेडच्या दारात, कोपरापर्यंत माती. पहिला शब्द काय? "दुकान?"
सणाचं माणूस आलंय, बस तरी म्हणावं!

न विचारता चाकावर बसले. हात विसरलेत. लोटा एका अंगानं कलला. तो मागं उभा.
"मोडू?"
"खबरदार."
बुडाशी अंगठा दाबला. म्हटलं, आता तुझा. तर म्हणे, "वाळू दे, बघू." वाळल्यावर अंगठा उठतो होय? मला शिकवतोय. लोट्यावर मात्र ओल टिकावी म्हणून गोणपाट भिजवून टाकलं आणि भट्टीकडं गेला.

निघताना सांगितलं, माझा अंगठा यापुढं तू उठवायचा नाही. मान हलवली. गाडी सुटेपर्यंत स्टँडवर उभा होता.

२३ मे. जळगाव
खोका आला. लगेच उघडला. सगळ्या भांड्यांना एकेकच अंगठा. शेजारी मोकळी जागा, माझा मावेल एवढी. ऐकलं बाई त्यानं. आणि मलाच कसंनुसं झालं.

एक बाई फुलदाणी उलटी करून म्हणाली, "दुसरा कुठंय हो?"
"यायचाय," म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

माझा वाकडा लोटा पेंढ्यात शोधला. दोनदा. नाही. भट्टीत तडकला, की त्यानं ठेवून घेतला? आणि घेतला असेल तर माझ्याशेजारी त्याचा अंगठा... फोन करायला उठले, पुन्हा बसले. फोनवर नको. डोळ्यांनी बघायचंय.

सकाळच्या पहिल्या गाडीनं जावं. पण मग दुकान कोण बघणार?